उडी मारायची नाही, एवढं शिकवायला आठ रविवार

सुरुवात माझ्या मुलाच्या फोनवरून झाली. मी काही त्याचा फोन चोरून बघत नाही (बघते, पण तो विषय वेगळा), फोन चार्जिंगला होता, स्क्रीन लागली आणि मेसेज दिसला, "संडे बॅकवॉटर फिक्स, घरी क्लासचं सांगा, स्कूटी मी आणतो." मुलगा तेरा वर्षांचा. स्कूटी आणणारा चौदा. आम्ही राहतो पुण्यात सिंहगड रोडला, तिथून खडकवासला धरणाचं बॅकवॉटर म्हणजे या पोरांना बागेत जाऊन येण्यासारखं वाटतं.

मी आधी नेहमीचं केलं, आरडाओरडा. मग फोन जप्त. मग रात्री झोप लागेना, कारण मला माहितीये ना, एका रविवारी अडवलं तर पुढच्या रविवारी मेसेज डिलीट करून जातील. आपणही तेच करायचो, फक्त आपल्याकडे मेसेज नव्हते.

तर मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा, बारा ते पंधरा वयाची मुलं, रस्ता आणि पाणी, शिकवणार कोण ते माहीत नाही पण जमूया. मी पेशाने अकाउंटंट, माझा या दोन्ही गोष्टींशी संबंध एवढाच की मी स्कूटर चालवते आणि पोहता येतं. बी विंगमधले काका अग्निशमन दलातून रिटायर झालेले, त्यांचा लगेच फोन आला, "ताई, मी येतो, पण भाषण देणार नाही." त्याचा अर्थ मला पहिल्याच रविवारी कळला.

पहिला रविवार, २७ एप्रिल २०२५, पूर्ण वाया. मी क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून स्लाइड दाखवल्या, नियम, चिन्हं, हेल्मेट का घालावं. चौदा मुलं आली होती. अर्ध्या तासात दोघं झोपली, एक जण पंख्याकडे बघत होता, आणि मागच्या दोघी कसल्या तरी मीमवर हसत होत्या. शेवटी "काही प्रश्न?" विचारलं तर प्रश्न आला, "समोसे आहेत का?" काका मागे उभे राहून सगळं बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, पुढच्या वेळी खडू आणा आणि एक फूटपट्टी.

फूटपट्टीचा खेळ असा. एकाने पट्टी वरून धरायची, दुसऱ्याने खाली शून्याजवळ बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडली की पकडायची. वीस सेंटिमीटरला पकडली तर साधारण ०.२ सेकंद लागले, तिसाला पकडली तर पाव सेकंद. पोरांना स्पर्धा म्हटलं की झालं, कोण किती फास्ट. आणि मग काकांनी पट्टी सोडता सोडता विचारलं, सतरा चोक? पट्टी सरळ जमिनीवर. प्रत्येकाची. "आता हातात फोन आहे आणि मेसेज वाचतोयस असं समज," एवढंच म्हणाले.

त्यानंतर खडू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, हा हिशोब मुलांनीच केला. समोर काहीतरी आलंय हे दिसून, कळून, हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी दहा मीटर गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाय. दहा मीटर आम्ही गेटपासून मोजले तर रेघ वॉचमनच्या केबिनच्या पलीकडे गेली. ताशी चाळीसला सुक्या रस्त्यावर थांबेपर्यंत वीसेक मीटर, साठला जवळपास दुप्पट. स्पीड दीडपट आणि अंतर दुप्पट, हे कसं काय म्हणून एक चष्मेवाली मुलगी हटूनच बसली, तिला वेगाच्या वर्गाचं गणित काकांनी जमिनीवर लिहून दाखवलं. बाकीचे तोपर्यंत सायकली घेऊन ब्रेक मारायला पळाले होते. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला तेव्हा तोच प्रयोग ओल्या काँक्रीटवर केला, आणि खडूच्या रेघा धुऊन गेल्या होत्या तरी सगळ्यांना आठवत होतं की सुक्यात सायकल कुठे थांबली होती.

रस्त्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त काम एका स्कूलबसने केलं. बस रविवारी आमच्या गल्लीत उभी असते. बसवाल्या मामांना विचारलं, मुलांना पाच मिनिटं तुमच्या सीटवर बसू द्याल का. मामा खुश. बस बंद, चावी मामांच्या खिशात. एकेक जण ड्रायव्हरच्या सीटवर, बाकीचे खाली बसच्या डाव्या अंगाला आणि बंपरच्या पुढे उभे. वरून आवाज, "अरे कुठे गेले सगळे?" डाव्या बाजूला आठ जण उभे होते, आरशात तीनच दिसत होते, आणि बंपरला चिकटून उभी असलेली ई विंगमधली बुटकी मुलगी तर कुणालाच दिसली नाही. ती हात हलवत होती बिचारी. त्यानंतर मामांनी सांगितलं की लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, आतून कापत येतं, आणि सिग्नलला डंपरच्या डावीकडच्या फटीत सायकल घालणारा तिथेच सापडतो. हे मला स्वतःला नीट माहीत नव्हतं. वीस वर्षं या शहरात स्कूटर चालवतेय आणि त्या फटीत मी कितीदा घुसलेय.

नवले पुलाचा उतारही निघाला, तो आमच्याकडच्या पोरांना पाठ आहे, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक का जातात यावर मामांनी एकच गोष्ट सांगितली, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की धरत नाहीत. पोरांनी लगेच सायकलच्या रिमला हात लावून बघितले.

कायद्याचं मी घेतलं, कारण आकडे हा माझा प्रांत. आणि ते मुद्दाम पालकांना बोलावून घेतलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९ अ कलमाखाली पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. २०१९ च्या दुरुस्तीतलं आहे हे. पालक २५ हजारावर दचकले, पोरं लायसनवर. "पंचवीस? म्हणजे कॉलेज संपेल की!" लगेच वकिली सुरू, इलेक्ट्रिकला लायसन लागत नाही काकू. म्हटलं, ती अडीचशे वॉटची आणि २५ च्या वर न पळणारी असते, तुझ्या दादाची साठने पळते. मग सोळाव्या वर्षी मिळतं ना? मिळतं, ५० सीसीच्या आतल्या गिअर नसलेल्या गाडीला, तशी नवी गाडी शोरूममध्ये शोधून दाखव. २०२४ च्या मे मधला कल्याणीनगरचा अपघात कुणीच विसरलेलं नव्हतं, सतरा वर्षांचा मुलगा, दोन जीव गेले, त्यावर मला काही बोलावं लागलं नाही.

आणि मग स्कूटी आणणारा तो चौदा वर्षांचा, शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही पण रोज रॉंग साइडने येता गेटपर्यंत."

सगळे पालक छताकडे बघायला लागले. खरं होतं. यू टर्न लांब आहे आमच्या इथला, सगळेच येतात, मीही येते. मी म्हटलं, बरोबर आहे, उद्यापासून बंद. केलं बंद. पाऊस असला की हात शिवशिवतात, पण त्या पोराची बाल्कनी नेमकी गेटवर आहे.

कोपऱ्यावरून दूध आणायला पोराच्या हातात चावी देणारे आपणच असतो, तिथून "चालवता येते त्याला" सुरू होतं. दोन आयांशी माझा त्यावरून वाद झाला, एकीने मुलाला पाठवणं बंद केलं. असो.

आता पाणी. ते जास्त अवघड गेलं.

पाण्याची सुरुवात माझ्या सासूबाईंनी करून दिली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या, नारायण पेठेत. त्यांना धरण वगैरे काही आठवत नाही, आठवतं ते एवढंच की वडिलांनी कडेवर घेतलं आणि आई दाराला कुलूप लावत होती, आणि वडील ओरडत होते, कुलूप कशाला! हे त्या दरवेळी सांगतात आणि दरवेळी कुलपापाशी हसतात. मुलं ऐकत होती. एकाने विचारलं, आजी, क्युसेक म्हणजे काय हो, पावसाळ्यात सारखं येतं बातम्यात. आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटर आणि थोडं वर. आमच्याकडे पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा येतो, सगळ्या पोरांना त्याचा आकार माहीत आहे कारण तो आला की क्रिकेट थांबतं. खडकवासल्यातून दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला २८ टँकर. त्यांनी तोंडाने मोजून बघितलं, एक, अठ्ठावीस टँकर, दोन, अठ्ठावीस टँकर. २५ जुलै २०२४ ला आमच्याच रोडवरच्या एकतानगरीत पाणी घुसलं तेव्हा विसर्ग ३५ हजारांच्या आसपास होता, म्हणजे शंभराच्या घरात टँकर, सेकंदाला. भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर तिथे सेल्फीला जाणाऱ्यांबद्दल मग त्यांनीच मत दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोहण्याचा तलाव आम्ही तासावर घेतला, कोच आणि लाइफगार्डसकट, पालकांनी वर्गणी काढून. चौदापैकी नऊ जणांना "पोहता येतं". माझ्या मुलाला पण, दोन उन्हाळे क्लास लावलाय, पंचवीस मीटरची फेरी सहज मारतो. कोचने सांगितलं, कपडे बदलू नका, टी शर्ट आणि ट्रॅक पँटमध्येच उतरा. शॅलोमध्ये, दोरी धरून. माझा पट्टीचा पोहणारा एका फेरीत धापा टाकत काठाला. कपडे ओढतात, पँट पायाला गुंडाळते. आणि इथे तळ दिसतो, धरायला कठडा आहे, पाणी निळं आहे. बॅकवॉटरला पहिली चार पावलं गुडघाभर पाणी असतं आणि पाचव्याला जमीनच नसते, कुठे खाली गाळ, पाय रुतला की काढताना दुसरा रुततो. हे काका सांगत होते आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

त्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट शिकवली, उताणं तरंगणं. डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, श्वास. पोहायचं नाही, नुसतं पडून राहायचं. ज्यांना पोहता येत नव्हतं ती पाच जणं हे आधी शिकली, पोहणाऱ्यांना जड गेलं कारण त्यांना सारखे हात मारायचे होते. आमच्या गावाला विहिरीत पाठीला डबा बांधून ढकलून द्यायचे, मीही तशीच शिकले, पण उताणं पडून राहा हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग कोच म्हणाला, आता मी बुडून दाखवतो, नीट बघा. सगळे काठावर ओळीने बसले. तो मधे गेला, उभा राहिल्यासारखा, तोंड पाण्याच्या रेषेला, मान मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबल्यासारखे खालीवर. आवाज नाही, काही नाही. पोरं बघतायत. एक जण म्हणाला, "सर, सुरू करा ना." अजून थोडा वेळ गेला. "सर, कधी सुरू करणार?" कोच पाण्याखाली गेला, वर आला आणि म्हणाला, "झालं की. मेलो मी."

कुणीही हसलं नाही. माझ्या स्वतःच्या डोक्यात बुडणं म्हणजे वाचवा वाचवा आणि हात हलवणं, सिनेमातलं. तोंड पाण्याखाली-वर होत असताना माणूस जो मिळेल तो श्वास घेतो, ओरडायला हवा उरतेच कुठे. आणि हे सगळं मिनिटाच्या आत संपू शकतं. गटांगळ्या खाणारा मित्र मस्करी करतोय असं वाटून बाकीचे बघत बसतात, ते यामुळेच.

पण मुख्य भांडण पुढच्या रविवारी झालं.

काकांनी सांगितलं, कोणी बुडत असेल तर पाण्यात उडी मारायची नाही. कधीच नाही. दोरी टाका, ओढणी टाका, काठी द्या, रिकामा कॅन फेका, मोठ्यांना बोलवा, ११२ लावा, पण तुम्ही उतरायचं नाही. आणि तो स्कूटीवाला उठून उभा राहिला. "म्हणजे मित्र मरू द्यायचा? काठावर उभं राहून बघायचं?" डोळ्यात पाणी होतं त्याच्या. बाकीचे पण त्याच्या बाजूने. मैत्री म्हणजे काय मग, वगैरे. मला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर आत कुठेतरी मलाही तो पोरगा आवडला त्या क्षणी. हेच पोरगं उडी मारणार, हे पण दिसत होतं. पेपरात दर उन्हाळ्यात येतं ना, एक बुडायला लागला, त्याला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरी. त्यातली दुसरी-तिसरी ही नेहमी चांगली मुलं असतात.

काका म्हणाले, मी नोकरीत असताना डोहातून दोघांना एकत्र काढलंय, एकमेकांना मिठी मारलेले, सोडवता येत नव्हते. एवढंच, पुढे काही नाही. पोरगा तरी बसला नाही.

म्हणून पुन्हा तलाव. छातीभर पाणी, लाइफगार्ड हाताच्या अंतरावर, त्याच्या आईला विचारून. कोचने बुडणाऱ्याची ॲक्टिंग करायची आणि याने जाऊन वाचवायचं. वर्गात सगळ्यात दणकट मुलगा तो, कबड्डी खेळतो. तो पोहत गेला, कोचने त्याच्या गळ्याला हात टाकला आणि त्याच्या खांद्यावर चढला, जसा बुडणारा चढतो, शिडी असल्यासारखा. तीन सेकंद असतील. कोचने सोडलं, पोरगा खोकत वर आला, काठाला येऊन बसला आणि बराच वेळ टॉवेलमध्ये तोंड घालून होता. मग म्हणाला, "तो कॅन कसा फेकायचा ते दाखवा."

कॅन म्हणजे तेलाचा पाच लिटरचा रिकामा. त्यात थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने जातो कुठेही, झाकण घट्ट, कडीला नायलॉनची दोरी, दोरीचं टोक हातात गुंडाळायचं नाही, पायाखाली धरायचं. माणसाच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी त्याच्यावरून ओढून आणायची. ओढताना स्वतः जमिनीवर आडवं पडायचं, नाहीतर तोच आपल्याला ओढतो. आधी मैदानावर केलं, आठ मीटरवर एक जण बसलेला. पहिल्या दिवशी कॅन पार्किंगमधल्या एका गाडीच्या काचेवर गेला (काच शाबूत), एक वॉचमनच्या पायाशी, एक झाडात. तीन रविवार शेवटची वीस मिनिटं फक्त हेच. आता स्कूटीवाला दहातले आठ बरोबर टाकतो आणि ई विंगमधली ती बुटकी दहातले नऊ, यावरून त्यांच्यात चालू असतं. तिने आईच्या दोन जुन्या ओढण्या गाठ मारून पण करून दाखवलं.

वाहत्या पाण्याचं तलावात शिकवता येत नाही, तिथे आम्ही कमी पडलो. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण, तो व्हिडिओ या सगळ्यांनी पाहिलेला होता, मी पुन्हा दाखवला नाही. फक्त विचारलं, पाणी वाढतंय हे आधी कशाने कळलं असतं. गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज बदलणं, डोंगरावर काळं दिसणं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असतो.

शेवटचा रविवार १५ जून. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू. सकाळी सीपीआर घेतलं, लोडावर, कोचने आणलेला पुतळा एकच होता. पोट दाबून पाणी काढायचं नाही, उलटं लटकवायचं नाही, बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, दाब पाच सेंटिमीटर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दोन मिनिटांत सगळे घामाघूम. समोसे आणले होते, पहिल्या दिवशीचं उधार. दुपारी चारनंतर फोन वाजायला लागले, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, रविवारची गर्दी होती त्याच्यावर. चार जण गेले. आमच्या ग्रुपमधल्या एकीचं कुटुंब त्याच दिवशी तिकडे जायचं म्हणत होतं आणि आमच्या क्लासमुळे राहिलं. ती मुलगी संध्याकाळी माझ्याकडे येऊन नुसती बसली, काही बोलली नाही, मीही नाही, चहा केला.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती यादीत नव्हती, मुलांनीच काढली. नियम सगळे कळतात काकू, पण चार जण गाडीवर बसलेले असताना "मी येत नाही" कसं म्हणायचं? फट्टू म्हणतात. मग एक पूर्ण तास आम्ही फक्त थापा शोधल्या. कानात ड्रॉप टाकलेत, पाणी चालत नाही. जुलाब लागलेत. आईने लोकेशन चालू ठेवायला लावलंय, ती वेडी आहे (ही सगळ्यात लोकप्रिय). आणि एक कोड ठरवला, घरी मेसेज टाकायचा, "डबा विसरलो". तो आला की आई-बापाने लगेच फोन करून सगळ्यांना ऐकू जाईल असं झापायचं, आत्ताच्या आत्ता घरी ये. आणि घरी आल्यावर कुठे होतास, कोण होतं, काहीही विचारायचं नाही. पालकांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही. मलाही नाही. पण मुलं म्हणाली, विचारणार असाल तर मेसेज येणार नाही.

पहिल्यांदा आला तो गणिताच्या क्लासमधून. सुटायला वापरला गधड्याने. दुसऱ्यांदा पण तेच, मी कान उपटला.

तिसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, शनिवारी संध्याकाळी, पाऊस लागलेला. "डबा विसरलो." शनिवारी डबाच नसतो. मी फोन केला आणि माझ्या सासूला लाजवेल असा आवाज लावला, पाव्हणे आलेत, कुठे उंडारतोयस, दहा मिनिटांत घरात पाहिजेस. मागे गाडीचा आवाज होता, कुणीतरी हसलं. अर्ध्या तासाने रिक्षा गेटला, आतून हा आणि स्कूटीवाला, दोघंही उतरले. कपडे कोरडे होते, तेवढं बघितलं मी. रिक्षाचे एकशेदहा रुपये दिले. दोघांनी वर येऊन चार-चार पोळ्या खाल्ल्या.

कुठून आले ते अजून विचारलेलं नाही. आज महिना झाला, प्रश्न सारखा जिभेवर येतो.